सुपर मेगा बेसबॉल ४: रूप कार्टूनचं, हिशेब सावकारी

भोपळ्याएवढं डोकं, नावापुरती मान आणि हातात मुसळासारखी बॅट. ‘सुपर मेगा बेसबॉल ४’मधला खेळाडू पहिल्यांदा पडद्यावर आला की वाटतं, चला, सुट्टीत पोरांना बसवायला बरा गेम आहे. ही समजूत साधारण दुसऱ्या इनिंगपर्यंत टिकते. तोवर समोरच्या पिचरने हाताच्या त्याच झोक्यात आधी एक सुसाट चेंडू आणि मग एक थबकत येणारा चेंडू टाकून तुम्हाला दोनदा हवेत बॅट फिरवायला लावलेली असते. तिसरा चेंडू गुडघ्याखाली बुडतो, तुम्ही त्यालाही मारायला जाता आणि अंपायर हात वर करतो. चित्रं हसरी असली तरी आतला हिशेब बेसबॉलचाच आहे, आणि तो सावकाराच्या वहीसारखा काटेकोर आहे.

हा गेम कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या मेटलहेड सॉफ्टवेअरचा. मालिकेतला पहिला गेम २०१४ साली आला, दुसरा २०१८ आणि तिसरा २०२० मध्ये. २०२१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या बड्या गेम कंपनीने ही कंपनी विकत घेतली आणि चौथा गेम २ जून २०२३ रोजी बाजारात आला. प्लेस्टेशन ४ आणि ५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज, निन्टेन्डो स्विच आणि विंडोज पीसी एवढ्या सगळ्यांवर तो चालतो. या यादीतलं शेवटचं नाव महत्त्वाचं. मेजर लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचा अधिकृत गेम म्हणजे ‘एमएलबी द शो’. तो प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचवर मिळतो, पीसीवर मिळत नाही. पीसीवर संघ सांभाळण्याचे आकडेबाज गेम आहेत, पण हातात कंट्रोलर घेऊन चेंडू टाकायचा आणि मारायचा असेल तर पर्याय बोटांवर मोजण्याएवढे उरतात. त्यांत हा सगळ्यात घोटीव.

ज्यांनी बेसबॉल कधी धड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. पिचर १८.४४ मीटरवरून चेंडू टाकतो. बॅटरसमोरच्या होम प्लेटची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर. तिच्यावरून, साधारण गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतच्या उंचीतून चेंडू गेला तर स्ट्राइक, त्या चौकटीबाहेरून गेला आणि तुम्ही बॅट फिरवली नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट. तीन बाद झाले की बाजू बदलते, दोघांची पाळी झाली की एक इनिंग, आणि अशा नऊ इनिंग होतात. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे सांगायची गरज नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाची चूक नेमकी इथे होते. क्रिकेटमध्ये सोडलेला चेंडू हा फार तर वाचलेला चेंडू असतो. इथे सोडलेला वाईट चेंडू ही कमाई आहे: तुम्ही बेसच्या एक पाऊल जवळ गेलात आणि पिचरच्या दमातून एक चेंडू वजा झाला. हा गेम पिचरचा दम खरोखर मोजतो. पहिल्या तीन इनिंगमध्ये तुमचे बॅटर प्रत्येकी चार-पाच चेंडू टाकायला लावत असतील तर सहाव्या इनिंगमध्ये समोरचा चांगला पिचर ढेपाळलेला दिसेल. पहिल्याच चेंडूवर तुटून पडत राहिलात तर तोच पिचर आठव्या इनिंगमध्येही ताजातवाना असेल. गेममध्ये हे कुणी समजावून सांगत नाही, धावफलकच सांगतो.

ईगो नावाचं बटण

बहुतेक गेममध्ये सोपं, मध्यम, कठीण अशा तीन-चार पायऱ्या असतात. इथे काठिण्याचं नाव ‘ईगो’ आहे आणि ते ० ते ९९पर्यंत एकेका अंकाने सरकवता येतं. ईगो कमी असेल तर बॅटिंगचा कर्सर चेंडूपाशी न्यायला गेम मदत करतो, क्षेत्ररक्षक योग्य दिशेने स्वतःहून धावतात, चेंडूही सवडीने येतो. ईगो वाढवत गेलात की मदत आटत जाते, वेग वाढतो आणि संगणकाचा पिचर चौकटीचे कोपरे शोधू लागतो. नाव मोठं मार्मिक ठेवलं आहे. ४०वर सामने हरत असताना अंक ३०वर आणायला बोटापेक्षा मनालाच जास्त कष्ट पडतात.

बॅटिंग, पिचिंग, क्षेत्ररक्षण आणि बेसमधली धाव यांचा ईगो वेगवेगळा ठेवता येतो, आणि नवख्याने ही सोय पहिल्या दिवसापासून वापरावी. चारही अंक एकत्र वर नेले तर हमखास असं होतं: बॅटिंग जमायला लागलेली असते, पण आकाशात चढलेल्या चेंडूखाली आउटफिल्डरला, म्हणजे सीमेकडच्या क्षेत्ररक्षकाला, उभं करता येत नाही, दोन झेल सुटतात आणि सामना जातो. गेम अन्यायी आहे असं वाटतं, प्रत्यक्षात चारपैकी एकच कौशल्य मागे राहिलेलं असतं. क्रिकेटची नजर असलेल्या नवख्याने पिचिंग आणि बॅटिंग २५ च्या आसपास, क्षेत्ररक्षण आणि धाव १० ते १५ अशी सुरुवात करावी. ओळीने तीन सामने पाचापेक्षा जास्त धावांनी जिंकलात की जे सोपं वाटतंय तेवढंच पाचाने वाढवावं. दहाची उडी मारू नये. ३० ते ४० या टप्प्यात बॅटिंग अचानक जड वाटू लागते, कारण तोवर आपल्या बोटांना गेमच्या मदतीची सवय झालेली असते.

याच सोयीमुळे घरात दोघांना एकत्र खेळता येतं. प्रत्येकाचा ईगो निराळा ठेवता येतो, त्यामुळे मुरलेला दादा ६०वर आणि कालच कंट्रोलर धरलेली धाकटी १५वर, असा सामनाही चुरशीचा होतो. दोन वेगळ्या वकुबाची माणसं एका सोफ्यावर बसवायचा इतका सरळ मार्ग खेळांच्या गेममध्ये क्वचित सापडतो.

बॅट हातात घेतल्यावर

डाव्या स्टिकने एक कर्सर चौकटीत हलवायचा आणि चेंडू जिथे येईल तिथे तो वेळेवर नेऊन बॅट फिरवायची. फटके दोन प्रकारचे. साध्या फटक्याला बटण एकदा दाबायचं. जोराच्या फटक्याला दुसरं बटण आधीपासून धरून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. म्हणजे जोराचा फटका मारायचा की नाही हे चेंडू पिचरच्या हातातून सुटताना, किंबहुना त्याआधीच ठरवावं लागतं. जागा चुकली की माफीही कमी. नवखे प्रत्येक चेंडूवर जोर लावतात आणि इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसपाशीच, उंच झेल देऊन परततात.

फटका कुठे गेला यावरून काय चुकलं ते वाचता येतं. बॅट लवकर फिरली तर चेंडू बॅटरच्या स्वतःच्या बाजूला ओढला जातो, उशीर झाला तर विरुद्ध बाजूला. कर्सर चेंडूच्या खाली राहिला तर उंच झेल, वर राहिला तर जमिनीवरून घरंगळणारा चेंडू. ओळीने चार ग्राउंडर गेले की हात चुकतोय असं समजू नका. समोरचा पिचर खाली बुडणारे चेंडू टाकतोय आणि तुम्ही त्यांच्या मुळाशी न जाता माथ्यावर मारताय, एवढाच त्याचा अर्थ. कर्सर आधीच अर्ध्या चौकटीने खाली धरून बसा.

नवख्याला सगळ्यात जास्त धावा मिळवून देणारी सवय म्हणजे अर्धी चौकट विसरणं. एकही स्ट्राइक झालेला नसताना फक्त आतल्या अर्ध्या भागात आलेल्या चेंडूलाच बॅट लावायची, बाकी सगळं सोडायचं. एक स्ट्राइक गेला तरी बिघडत नाही. दोन स्ट्राइक झाले की मात्र जोर बाजूला ठेवायचा, कर्सर मधोमध आणायचा आणि साधा फटका. दोन स्ट्राइकनंतर साधा फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) कितीही गेला तरी बाद नाही, त्यामुळे कोपऱ्यातले चेंडू नुसते खरवडत राहणं हाही एक डाव आहे. पिचरचा दम मोजला जातोच आहे.

पिचिंग: इथे गेमचा जीव आहे

बॅटिंग चांगली आहे, पण गेम विकत घ्यावा तो पिचिंगसाठी. चेंडूचे आठ प्रकार आहेत आणि पडद्यावर ते दोन अक्षरांच्या खुणांनी येतात: फोर-सीम आणि टू-सीम फास्टबॉल, कटर, चेंजअप, कर्व्हबॉल, स्लायडर, फोर्कबॉल आणि स्क्रूबॉल. कुठल्याही एका पिचरकडे सगळे नसतात. चेंजअप म्हणजे आपला स्लोअरवन, हाताचा वेग तोच पण चेंडू मागे राहतो. फोर्कबॉल शेवटच्या क्षणी खाली बुडतो. स्क्रूबॉल कर्व्ह आणि स्लायडरच्या उलट बाजूला वळतो, त्यामुळे उजव्या हाताच्या पिचरकडे तो असला तर डावखुऱ्या बॅटरपासून चेंडू बाहेर नेता येतो.

पिचरचे मुख्य आकडे तीन: वेग, ‘जंक’ आणि अचूकता. जंक म्हणजे वळण आणि बुडी किती तीव्र ते. नवखे वेगाचा आकडा पाहून पिचर निवडतात. उलट करा. अचूकता पहिली, जंक दुसरं, वेग तिसरा. कारण चेंडू टाकण्याची पद्धतच तशी आहे. प्रकार निवडायचा, चौकटीत लक्ष्य ठेवायचं आणि बटण दाबायचं. त्याबरोबर एक दुसरं वर्तुळ लक्ष्यापासून दूर सरकलेलं दिसतं. पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत ते स्टिकने लक्ष्यावर आणून बसवायचं. बसलं तर चेंडू तिथेच जातो, नाही बसलं तर जिथे राहिलं तिथे. पिचर अचूक असेल तर वर्तुळ मुठीत राहतं, नसेल तर पोळ्यावर दगड मारल्यासारखं भिरभिरतं. ‘पॉवर पिच’ टाकताना वेग आणि वळण वाढतं, पण वर्तुळ आवरणं त्याहून अवघड होतं. चौकटीच्या मधोमध फसलेला पॉवर पिच म्हणजे समोरच्याला आयता होमरन, क्रिकेटमधल्या षटकारासारखा.

एक प्रसंग जवळून बघा. सातवी इनिंग, आपण एका धावेने पुढे, दोन बाद, दुसऱ्या बेसवर त्यांचा धावक. बॅटर डावखुरा आणि ताकदवान, मोजणी तीन बॉल दोन स्ट्राइक. आधीच्या पाच चेंडूंत दोन फोर-सीम आत आणि वर गेलेत, त्यांतला एक त्याने फाउल केलाय. त्याची नजर आता वर आहे आणि हात घाईत आहेत. लक्ष्य चौकटीच्या तळाशी मधोमध ठेवा, कडेपासून चेंडूभर खाली, आणि फोर्कबॉल निवडा. निघताना तो मांडीच्या उंचीचा फास्टबॉल दिसतो. वर्तुळ लक्ष्याच्या वर राहिलं तर चेंडू बुडायच्या आधीच बॅटवर येईल, म्हणून चुकायचंच असेल तर खाली चुका. तो चेंडू त्याने सोडला तर बॉल मिळेल आणि पहिला बेस भरेल, पण पहिला बेस रिकामाच होता, फार काही बिघडत नाही. त्याने बॅट फिरवली तर चेंडू बॅटच्या खालून मागे बसलेल्या कॅचरकडे. आता शेवटची मेख: असा बुडणारा चेंडू कॅचरच्या हातून निसटू शकतो. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरने झेलला नाही, तर पहिला बेस रिकामा असताना (आणि दोन बाद असतील तर भरलेला असतानाही) बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. खऱ्या बेसबॉलचा हा नियम मालिकेत तिसऱ्या गेमपासून आहे. त्यामुळे स्ट्राइकआउट झाला म्हणून कंट्रोलर खाली ठेवू नका, आधी पहिल्या बेसवर फेक करा.

त्याच तिसऱ्या गेमपासून धावकाला बेसवर परत कोंडणारा पिकऑफही आहे. समोरचा धावक चपळ असेल तर निदान एकदा पिकऑफची फेक करावी. बाद क्वचितच होतो, पण बेस चोरायची, म्हणजे नजर चुकवून पुढच्या बेसकडे पळायची, त्याची हिंमत कमी होते.

या सगळ्यावर ‘मोजो’ची छाया असते. प्रत्येक खेळाडूची मनःस्थिती सामन्यागणिक चढते-उतरते. फॉर्मात आलेल्या बॅटरची बॅट बहरते, घाबरलेल्या पिचरचं वर्तुळ त्याच्या मूळ आकड्यांना न शोभेल इतकं उधळतं, आणि सामना अटीतटीचा असेल तर हा फरक जास्त जाणवतो. पिचर बदलताना लोक फक्त दम पाहतात. मोजोची खूणही पाहा. दम शिल्लक असलेला पण मोजो ढासळलेला पिचर दोन माणसं बेसवर असताना ठेवणं म्हणजे ओल्या भिंतीला टेकून उभं राहणं. एक आठवण: बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. पाचव्या इनिंगमध्येच तीन पिचर वापरून टाकलेत तर नवव्यात थकलेल्या हाताने चेंडू टाकावा लागेल.

संघबांधणी, दंतकथा आणि एक मोठी उणीव

चौथ्या गेमची जाहिरात झाली ती निवृत्त व्यावसायिक खेळाडूंवर, म्हणजे खेळातल्या दंतकथांवर. असे २०० हून जास्त खेळाडू यात आहेत. ७१४ होमरनवाला बेब रूथ, ६६० होमरनवाला विली मेज, बॉस्टनला २००४, २००७ आणि २०१३ अशा तीन वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची विजेतेपदं) मिळवून देणाऱ्या संघांतला डेव्हिड ऑर्टिझ, २०१० च्या एकाच हंगामात टोरोंटोसाठी ५४ होमरन ठोकणारा होजे बाउटिस्टा. चेहरे कार्टूनचे असले तरी ढब ओळखू येते. मात्र मेजर लीगचा परवाना या गेमकडे नाही. त्यामुळे यँकीज, रेड सॉक्स असले खरे संघ नाहीत, खरी स्टेडियमं नाहीत आणि आज खेळणारा एकही खेळाडू नाही. ओतानी किंवा आरन जज या आजच्या ताऱ्यांसाठी गेम घेणार असाल तर पैसे दुसरीकडे लावा. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहून आपल्या शहराच्या संघाच्या प्रेमात पडलेल्या मराठी घरांना ही उणीव सगळ्यात जास्त बोचेल. संघ, पोशाख आणि बोधचिन्ह स्वतः घडवायची सोय आहे आणि ती चांगली आहे, पण ते काम हाताने करायचं आणि त्यात दोन-चार संध्याकाळी जातात.

खरं तर मालिकेचे मूळचे काल्पनिक खेळाडूच जास्त रंगतदार आहेत. सर्लॉइन्स, मूनस्टार्स, बीवुल्व्ज, ब्लोफिश असले संघ, आणि त्यांत पुरुष-बायका एकत्र खेळतात. दहा-बारा सामन्यांनंतर त्यांच्या खोडी पाठ होतात. दंतकथांच्या संघांत सगळेच भारी, त्यामुळे कोणीच लक्षात राहत नाही.

खोडींचीही नोंद होते. खेळाडूला स्वभावविशेष असतात: कुणी आणीबाणीत चमकतो, कुणी पहिल्याच चेंडूवर धोकादायक, कुणाच्या हाताला लोणी लागलेलं. त्याशिवाय प्रत्येकाचा एक पिंड असतो, आणि असे पिंड पाच आहेत: ईर्ष्येचा, उत्साही, शिस्तीचा, अभ्यासू आणि चलाख. एका पिंडाचे खेळाडू संघात जितके जास्त, तितका त्या पिंडाशी जोडलेल्या विशेषांचा प्रभाव वाढतो, आणि तो तीन पायऱ्यांत चढतो. पाचही पिंडांची भेळ केली तर कुठलाच विशेष वरच्या पायरीला पोचत नाही. दोन पिंड ठरवा आणि त्यांभोवती संघ बांधा. आकड्याने थोडा कमी, पण पिंडाला जुळणारा खेळाडू बऱ्याचदा जास्त कामाचा ठरतो.

चौथ्या गेमची खरी भर म्हणजे ‘शफल ड्राफ्ट’. दंतकथा, काल्पनिक आणि स्वतः घडवलेले खेळाडू एकत्र पिसायचे आणि पत्ते उचलल्यासारखा संघ निवडायचा. इथे नवखे बेब रूथ दिसला की झडप घालतात. मोठे फटके मारणारे पुढेही मिळत राहतात. आधी दोन अचूक पिचर, मग कॅचर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला रक्षक) आणि सेंटर फिल्डर (आउटफिल्डच्या मधला रक्षक) घ्या. मैदानाचा हा कणा कच्चा राहिला की आउटफिल्डरला शॉर्टस्टॉपवर उभं करावं लागतं, तो ग्राउंडर सोडतो, आणि दोन बादच्या जागी एकही बाद होत नाही.

मोठी उणीव ‘फ्रँचायझी’मध्ये आहे. अनेक हंगाम चालणारा हा प्रकार तिसऱ्या गेममध्ये आला आणि चौथ्यात वाढला. खेळाडूंचं वय वाढतं, ते निवृत्त होतात, कुठल्याच संघात नसलेल्या मोकळ्या खेळाडूंना पगार देऊन घेता येतं, हंगामाच्या आधी आणि मध्ये पैसे खर्चून सराव देता येतो. सराव निवडताना एक पथ्य पाळा: एक आकडा वाढून दुसरा घटत असेल तर काय घटतंय ते आधी वाचा. पिचरची अचूकता घटवून वेग वाढवणारा सौदा कधीही घेऊ नका. एवढं सगळं असून दोन संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही. बेसबॉलच्या व्यवस्थापनाचा अर्धा मसाला म्हणजे ही अदलाबदल. शेजारच्या संघात तीन कॅचर रिकामे बसलेत, आपल्याकडे एकही धड नाही, आणि मोकळ्या खेळाडूंच्या यादीत कुणी येईस्तोवर वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. तिसऱ्या गेमपासूनची ही तक्रार चौथ्यात तशीच राहिली, याला आळस म्हणावा की हट्ट?

समालोचनही नाही. अंपायरची हाळी, बॅटचा आवाज, प्रेक्षकांचा कल्ला, बस. टीव्हीवरच्या सामन्यासारखं वातावरण हवं असणाऱ्यांना सुनं सुनं वाटेल. पन्नास सामन्यांनंतर तीच तीच वाक्यं ऐकण्यापेक्षा ही शांतता बरी, हेही खरं.

यंत्र, टीव्ही आणि अंतर

आता यंत्राकडे. १४५ किलोमीटर वेगाचा खरा फास्टबॉल प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो. गेममधला वेग ईगोप्रमाणे बदलतो, पण वरच्या अंकांना निर्णयाचा वेळ असाच चिमूटभर उरतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ बंद असेल तर चित्र सुबक करण्याच्या नादात टीव्ही सहज ०.१ सेकंद खातो, म्हणजे तुमच्या वेळेचा पाव हिस्सा गेला. सतत उशीर होतोय, प्रत्येक फटका विरुद्ध बाजूलाच जातोय असं दिसलं की ईगो कमी करण्याआधी टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. ब्लूटूथ कंट्रोलर अडखळत असेल तर तार लावून पाहा. पीसीवर ६० फ्रेम स्थिर राहत नसतील तर रिझोल्यूशन आणि सावल्यांची प्रत उतरवा. या गेममध्ये गवताची पाती मोजायची नाहीत, चेंडू सुटतानाचा क्षण पकडायचा आहे. पीसीवर कंट्रोलर जवळजवळ सक्तीचाच समजा. कीबोर्डच्या कळा चालू किंवा बंद एवढंच जाणतात, आणि कर्सर अर्ध्या बोटाने सरकवायचा तर स्टिकच हवी.

ऑनलाइनमध्ये कन्सोल आणि पीसीवाले एकमेकांशी खेळू शकतात. ‘पेनंट रेस’मध्ये अनोळखी लोकांशी स्पर्धा असते, ‘ऑनलाइन लीग’मध्ये ओळखीचे मिळून हंगाम खेळतात. न्यू जर्सीतल्या आतेभावाशी पुण्यातून सामना लावायचा बेत असेल तर भूगोल लक्षात ठेवा. अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात आहे, आणि काचेच्या तंतूतून प्रकाशालासुद्धा जाऊन यायला ०.१२ सेकंद लागतात. प्रत्यक्षातला रस्ता त्याहून लांबचा. इंटरनेट कंपनीचा महागडा प्लॅन घेऊन हे अंतर कमी होत नाही. असा सामना गप्पांसाठी खेळावा, निकालाचं मनावर घेऊ नये. आणि जोराच्या फटक्याऐवजी साध्या फटक्यावर भर द्यावा.

किमतीचं म्हणाल तर बाजारात आला तेव्हा अमेरिकेत साध्या आवृत्तीची किंमत ५० डॉलरच्या आत-बाहेर होती. महागड्या आवृत्तीच्या भानगडीत पडू नका, खेळ साध्यात पूर्ण आहे. सवलतीत मिळाला तर थांबू नका. तिसरा गेम ज्यांच्याकडे आहे आणि जे फक्त फ्रँचायझी खेळतात, त्यांनी घाई करायचं कारण नाही. शफल ड्राफ्ट किंवा ऑनलाइनसाठी मात्र चौथाच हवा.

पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास मेनूत आणि पोशाख रंगवण्यात घालवू नका. आधी टीव्हीचा गेम मोड तपासा, ईगो २५वर ठेवा, एकच नऊ इनिंगचा सामना खेळा. पाऊण तास लागेल. मग ईगो तोच ठेवून दुसरा सामना खेळा आणि त्यात एकही स्ट्राइक झालेला नसताना बॅट फिरवू नका. दुसऱ्या सामन्यात धावा वाढल्या आणि समोरचा पिचर सहाव्या इनिंगपूर्वी बदलला गेला, तर गेम ठेवा.